घणसोलीची पाकपरंपरा : ग्रंथ आणि हाताचे वळण

मराठी पाकविद्येचा इतिहास शोधू जाता अभ्यासकाची दृष्टी प्रथम ग्रंथांकडे वळते, हे स्वाभाविकच होय. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० मध्ये आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. परंतु हे ग्रंथ साक्षर गृहिणीसाठी लिहिलेले आहेत. जेथे सासूच्या शेजारी बसूनच सून स्वयंपाक शिकली, तेथील विद्येची नोंद त्यांवरून पुरतेपणी होत नाही. ठाणे खाडीच्या पूर्वतीरावरील घणसोली हे आगरी-कोळी वस्तीचे गाव या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे.

भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी या तिहींवर आगरी समाजाचे जीवन उभे होते. ‘आगरी’ हे नावही ‘आगर’ या शब्दाशी जोडले जाते. त्यांचे अन्न याच त्रयीतून घडले. तांदळाच्या भाकरीसाठी आधणात पिठाची उकड काढावयाची, ती गरम असतानाच मळावयाची आणि पाण्याच्या हाताने थापावयाची. पाणी किती, याचे उत्तर तांदूळ नवा की जुना यावर अवलंबून असल्याने तेथे वाटी-चमच्याचे माप अपुरे पडते. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून वर्षाचा मसाला कुटावयाचा, बोंबील व जवळा सुकवून पावसाळ्याची बेगमी करावयाची, हा क्रमही पंचांगासारखा ठरलेला असे. ओहोटीच्या चिखलातील निवट्या आणि चिंबोऱ्या यांचे कालवण तर खाडीवाचून संभवतच नाही.

ज्या वर्षी ‘रुचिरा’ निघाली, त्याच १९७० साली नव्या मुंबईच्या उभारणीसाठी सिडकोची स्थापना झाली आणि या पट्ट्यातील गावांच्या जमिनींचे संपादन सुरू झाले. एका बाजूस घरगुती पाककृतींना ग्रंथरूप लाभत असता दुसऱ्या बाजूस एका अलिखित पाकपरंपरेचा आधारच सुटू लागला, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

येथे दोन गोष्टी भिन्न मानल्या पाहिजेत. हाताचे वळण विकतच्या तांदळावरही टिकू शकते; मिरची बाजारची असली तरी मसाल्याचे प्रमाण घरचेच राहते. मात्र शेत, खाजण आणि ओहोटी यांच्याशी बांधलेले पदार्थ त्यांच्यासवेच क्षीण होतात आणि त्यांची नावेही बोलीतून मागे पडतात.

म्हणून अशा परंपरेचे जतन म्हणजे केवळ कृती उतरवून घेणे नव्हे. पदार्थ कोणत्या ऋतूतला, जिन्नस कोठून येई, तो कोणी कोणास शिकविला आणि घरात त्यास कोणता शब्द होता, हे सारे कृतीसोबत नोंदविले पाहिजे. ज्या वृद्ध स्त्रियांच्या हाती हे ज्ञान आहे, त्यांचे हात चालू असतानाच हे टिपण व्हावयास हवे; कारण त्या हातांपलीकडे या ज्ञानाची दुसरी प्रत नाही.