फोडणीपुरता रंग

आज बोलूया 'मॅजिक: द गॅदरिंग'मधल्या स्प्लॅशबद्दल. म्हणजे डेक मुख्यतः एक-दोन रंगांचा, पण दोन-चार भारी कार्डांसाठी आणखी एका रंगाची फोडणी.

१९९३ साली रिचर्ड गारफिल्डचा हा खेळ आला. रंग पाच, प्रत्येकाची ताकद वेगळी आणि कमजोरीही वेगळी. पण पहिल्याच संचात ड्युअल लँड होते: एकच लँड, दोन रंगांचा माना, तोटा काहीच नाही! मग काय, स्प्लॅश जवळपास फुकटच.

१९९४ला 'ब्लड मून' आलं. ते टेबलावर पडलं की बेसिक सोडून बाकी सगळे लँड फक्त लाल माना देणार. १९९७ला 'वेस्टलँड' आलं. ते स्वतःचा बळी देऊन समोरच्याचा असा एक लँडच उडवतं. फोडणी महागली!

तेव्हापासून कार्ड किती भारी, एवढंच बघून चालत नाही. त्या रंगाची चिन्हं किती, हेही मोजावं लागतं. 'स्वोर्ड्स टू प्लोशेअर्स'ला एकच पांढरा माना पुरतो, म्हणून ते स्प्लॅशला मस्त. 'काउंटरस्पेल'ला दोन निळे लागतात. एखाददुसऱ्या निळ्या लँडवर ते हातातच अडकतं. आणि हातात अडकलेलं कार्ड कितीही भारी असलं, तरी मॅच जिंकून देत नाही.