बोअर घेताय? गाडी येण्याआधी १५ दिवस कळवावं लागतं

पानाड्या जागा दाखवतो, संध्याकाळी बोअरची गाडी येते आणि सकाळपर्यंत काम उरकलेलं असतं. या घाईत कळवायचं मात्र राहून जातं.

बोअर आपल्या जमिनीत असला तरी खोदण्याच्या किमान १५ दिवस आधी लेखी कळवणं बंधनकारक आहे. गावात सरपंच, नाहीतर जिल्हाधिकारी, भूजल विभाग किंवा महापालिकेचे संबंधित अधिकारी यांना. उघड्या बोअरमध्ये पडून लहान मुलं दगावत होती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१० मध्ये देशभरासाठी हे निर्देश दिले आणि ऑगस्टमध्ये त्यांत सुधारणा केली. खोदणारी एजन्सीही नोंदणीकृत हवी. काम चालू असताना तिथे मालकाचा आणि एजन्सीचा पूर्ण पत्ता लिहिलेला फलक आणि भोवती कुंपण लागतं.

पाणी लागलं तर केसिंगभोवती अर्धा मीटर लांब-रुंद काँक्रीटचा ओटा करायचा. ३० सेंमी जमिनीच्या वर, ३० सेंमी खाली. तोंडावर लोखंडी पत्रा वेल्ड करायचा किंवा नट-बोल्टचं झाकण बसवायचं. मोटर दुरुस्तीला काढली, तरी तोंड उघडं ठेवायचं नाही.

खरा धोका फेल गेलेल्या बोअरचा. आधीच पैसे बुडालेले, त्यात केसिंग दुसरीकडे वापरता येईल म्हणून उपसून नेतात. मागे उरतं जेमतेम वीतभर रुंदीचं भोक, पावसाळ्यात गवताखाली दिसतही नाही. नियम असा, की तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोटे भरून ते बुजवायचं आणि तसं प्रमाणपत्र घ्यायचं. ते भूजल विभाग, महापालिका किंवा खासगी ठेकेदारही देऊ शकतो. वर नुसतं पोतं किंवा दगड ठेवणं म्हणजे बुजवणं नव्हे.

महाराष्ट्रात याशिवाय २००९ चा भूजल अधिनियम आहे, तो १ जून २०१४ पासून लागू झाला. त्यात विहीर मालकांची आणि बोअरच्या गाड्यांची नोंदणी आहे. अधिसूचित क्षेत्रात शेती किंवा उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल बोअर घेता येत नाही.

गावात किती बोअर झाले, किती चालू, किती उघडे, किती बुजवले, ही नोंद जिल्हा पातळीवर ठेवायची असते. गावातली देखरेख सरपंच आणि कृषी अधिकाऱ्यांकडे आहे. शेजारच्या रानात उघडा बोअर दिसला, तर आधी त्यांनाच सांगा, शक्यतो लेखी.