नळाच्या पोटातली चकती : पखालीपासून कॅम्पर व्हॅनपर्यंत

१/ महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले आणि ‘चालते घर’ ही कल्पना आपल्याकडेही रुळू लागली. अशा घरात सर्वांत आधी दगा देते ती सिंकवरची तोटी. ती बदलणे अर्ध्या तासाचे काम आहे; मात्र त्या अर्ध्या तासात जे जे सुटे भाग हाताशी येतात, त्यांतल्या प्रत्येकाला इतिहास आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ सुरुवात कन्हान नदीपासून करू. सातपुड्यातून उतरणारी ही नदी नागपूर जिल्ह्यात खाप्याजवळून वाहत पुढे कामठीला जाते. खापा हे हातमागाचे जुने गाव. येथील नगरपालिका १८६७ ची. ती स्थापन झाली तेव्हा खुद्द नागपूर शहरातही नळ नव्हता. खालच्या अंगाला कामठीत मात्र १८२१ पासून इंग्रजांची छावणी होती, आणि छावणी म्हणजे त्या काळचे चालते घरच.

३/ या चालत्या घराला पाणी पुरवीत ते पखाली आणि भिस्ती. बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांनी लोंबणारी कातड्याची पखाल, माणसाच्या खांद्यावर मसक. पखालीच्या तोंडाला वादी बांधलेली असे. मसकेची तोटी म्हणजे भिस्त्याची मूठ. मूठ सैल केली की धार, आवळली की बंद. या नळाची दुरुस्ती म्हणजे कातडे शिवणे आणि ते तेलपाण्याने मऊ राखणे. सैन्य कूच करी तेव्हा ही माणसेही सोबत चालत. लढायांच्या वर्णनांत मात्र त्यांची नावे क्वचितच येतात.

४/ धातूची तोटी त्याहून फार जुनी. पाँपेईच्या अवशेषांत काशाच्या तोट्या सापडल्या आहेत. त्यांची रचना साधी : नळीत एक निमुळता खुंट, खुंटाला आरपार भोक. पाव वळसा दिला की भोक नळीच्या रेषेत येते आणि पाणी सुरू होते. शतकानुशतके हीच रचना टिकली. तिचा दोष एकोणिसाव्या शतकात उघड झाला. शहरांत मोठ्या दाबाने पाणी खेळू लागले. तोटी झटक्यात बंद होताच दाबाचा तडाखा साऱ्या नळांना बसे, आणि झिजलेल्या खुंटाभोवतून पाणी पाझरे.

५/ त्यावरचा उपाय १८४५ चा. इंग्लंडमधील रॉदरहॅमच्या एडवर्ड क्राइम्स याने आट्यांच्या दांड्याची तोटी सिद्ध केली. मूठ फिरवावी तसा दांडा हळूहळू खाली उतरतो आणि त्याच्या टोकाची मऊ चकती पाण्याच्या भोकावर दाबून बसते. हीच आपली ‘वायसर’. दाबाचा तडाखा गेला. शिवाय झिजली तर संपूर्ण तोटी नव्हे, एवढी चकतीच बदलायची.

६/ नागपुरात नळयोजना आली १८७३ मध्ये. अलेक्झांडर बिनी या अभियंत्याने अंबाझरी तलावाचे पाणी शहरात आणले. हाच बिनी पुढे लंडन काउंटी कौन्सिलचा मुख्य अभियंता झाला. थेम्सखालचा ब्लॅकवॉल बोगदा (१८९७) त्याच्याच नावावर आहे.

७/ आता खरा प्रश्न. त्या काळच्या वायसर बहुधा चामड्याच्या असत. कोलकात्यात १८७० च्या सुमारास नळ आले तेव्हा सनातनी मंडळींपुढे धर्मसंकट उभे राहिले : ज्या पाण्याला चामडे शिवले आणि जे कोणाकोणाच्या हातून आले याचा पत्ता नाही, ते प्यावे कसे? हळूहळू सोयीने शंकेवर मात केली. नळापुरता विटाळ विरला. माणसापुरता विरला नाही.

८/ सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये संमत झाला. तरीही २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. चामड्याच्या चकतीला सवलत मिळाली. ते चामडे कमावणाऱ्याला नाही. पाण्याचा इतिहास वाचताना तलाव आणि धरणे मोजावीतच; पण तोटीवर कोणाचा हात चालत होता, हेही विचारावे.

९/ आता व्हॅनकडे. सेकंदाला एक थेंब आणि २० थेंबांचा १ मिलिलिटर धरला, तर दिवसाला सुमारे ४.३ लिटर पाणी जाते. घरी हे जाणवत नाही. ६० लिटरच्या टाकीत जाणवते. त्याहून मोठी हानी निराळी. व्हॅनचा १२ व्होल्टचा पंप दाब उतरला की आपोआप सुरू होतो. म्हणून गळती असली की रात्रभर तो मधूनमधून घुरघुरतो आणि बॅटरी खातो. पाणी बुडाशी पाझरत असेल तर सिंकखालचे प्लायवूडही फुगते.

१०/ कृती अशी. आधी पंप बंद करा, मग तोटी उघडून नळीतला दाब उतरवा. व्हॅनमध्ये गरम पाण्याची सोय असेल तर गरम-थंड नळ्यांवर खुणा करा. खाली भांडे ठेवून पान्याने लवचीक नळी सोडवा, सिंकखालचा चेकनट काढा, जुनी तोटी वर उचला आणि बैठक पुसून घ्या. नवी तोटी बसवण्याआधी आटे जुळतात ना ते पाहा. आपल्याकडे घरगुती माप बहुधा अर्ध्या इंचाचे, आयात व्हॅनचे वेगळे असू शकते. जोडात रबरी वायसर असेल तर टेफ्लॉन टेप नको. उघड्या आट्यांवर जोड बसत असेल तरच ती घट्ट होण्याच्या दिशेने गुंडाळा. आधी हाताने आवळा, मग पान्याने थोडेसेच. जास्त जोर लावला तर प्लास्टिकचे आटे तुटतात. पंप सुरू करून प्रत्येक जोडाभोवती कोरडा कागद फिरवा. पुढच्या प्रवासानंतर पुन्हा तपासा, कारण घर जमिनीवर स्थिर असते आणि व्हॅन खड्ड्यांतून जाते.

११/ नव्या तोटीत कदाचित वायसर नसेलच. एकमेकींवर सरकणाऱ्या दोन सिरॅमिक चकत्या असतील, आणि पाव वळशात पाणी बंद होईल. म्हणजे हाताची हालचाल पुन्हा पाँपेईचीच. अशी तोटी गळू लागली तर चकती नव्हे, आतले संपूर्ण कार्ट्रिज बदलावे लागते. तंत्र पुढे गेले; दुरुस्तीचा अधिकार मात्र वापरणाऱ्याच्या हातून थोडा निसटला.

१२/ पुढच्या वेळी कन्हानकाठी गाडी थांबवून हात धुवाल तेव्हा इतके ध्यानात असू द्या : ज्या पाण्यासाठी छावणीत एक माणूस आयुष्यभर मूठ आवळून चालला आणि महाडात हजारोंना तळ्यापर्यंत चालावे लागले, तेच पाणी आपल्या दोन बोटांच्या वळशावर आले आहे. ते थेंबथेंब वाया जाऊ देऊ नये.