गुच्छ कोणाच्या हाती द्यावा?

लग्नातली फुले जपून ठेवण्याची रीत आपल्याकडे नाही. शालू पेटीत जातो, मोत्यांच्या मुंडावळ्या डब्यात जातात. हार मात्र चार दिवसांत निर्माल्य होतात आणि वाहत्या पाण्यात किंवा झाडाच्या बुंध्याशी विसर्जन पावतात. त्याची हळहळ कोणी करीत नाही. पण आपल्या बेळगाव-गोवा पट्ट्यात नवरीच्या हातातला गुच्छ काही परका राहिलेला नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांत तो असतोच. दोन धर्मांची सोयरीक जुळली, की आपल्याही मांडवात येतो. मग घरात प्रश्न निघतो. मुलगी म्हणते जपायचा, आजी म्हणते निर्माल्य घरात ठेवू नये. आणि जपायचाच, तर कोणाच्या हाती द्यायचा?

या प्रश्नाची उत्तरे मी इंग्लंडच्या इतिहासात शोधली, आणि तिथे एक नव्हे, तीन सापडली.

पहिले उत्तर मेणाचे. १० फेब्रुवारी १८४० रोजी व्हिक्टोरिया राणीचा विवाह झाला. त्यासाठी एमा पीची नावाच्या बाईंनी मेणाचे दहा हजार पांढरे गुलाब घडवले, असे सांगतात. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात या बाईंना वरच्या सज्जात जागा मिळाली. काचेच्या छपराखाली मेण वितळेल म्हणून त्यांनी ती नाकारली आणि आपली फुले घरीच मांडून लोकांना दाखवली. मला त्यांचे मोठे कौतुक वाटते. आपली वस्तू कशाने बिघडते, हे जाणणारा तोच खरा कारागीर! मात्र मेणात राहतो तो आकार, फूल नव्हे.

दुसरे उत्तर माळ्याचे. व्हिक्टोरियाने १८४५ साली जर्मनीतून मर्टलची, म्हणजे विलायती मेंदीची, डहाळी आणून ऑसबर्नच्या बागेत लावली. १८५८ साली थोरल्या राजकन्येच्या गुच्छात मर्टल होती, आणि २०११ साली केट मिडलटनच्या गुच्छातही ऑसबर्नची मर्टल होती. गुच्छ सुकून गेले, झाडाचा वंश राहिला.

तिसरे उत्तर न जपण्याचे. २६ एप्रिल १९२३ रोजी एलिझाबेथ बोज-लायन विवाहासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीत शिरली आणि आपला गुच्छ तिने अज्ञात सैनिकाच्या समाधीवर ठेवून दिला. तिचा भाऊ फर्गस १९१५ साली लूसच्या लढाईत पडला होता. पुढे राजघराण्यातल्या वधूंचे गुच्छ लग्नानंतर त्या समाधीवर पाठवण्याची प्रथा पडली. आमच्या आजीला ही गोष्ट सहज पटली असती.

आता खरेच फूल टिकवायचे, तर शत्रू एकच : पाणी. औषधाच्या बाटलीतल्या पुडीत असते ते सिलिका जेल फुलातले पाणी शोषून घेते. दुसऱ्या रीतीत फूल गोठवून निर्वात पेटीत ठेवतात. बर्फाची परस्पर वाफ होते आणि पाकळी आकसत नाही. त्याला दोन-तीन आठवडे लागतात. तिसरी रीत साधी, वजनाखाली दाबण्याची. त्यात रंग बऱ्यापैकी राहतो, गोलाई जाते.

म्हणून कारागीर ठरवताना त्याचे नुसते नवे काम पाहू नये. दोन पावसाळे काढलेली चौकट दाखवा म्हणावे. आपल्याकडच्या आषाढात पापडसुद्धा सादळतो, तिथे सुकलेली पाकळी हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेणारच. काच कशी बंद करता, पांढरे फूल पिवळे पडेल काय, हे विचारावे. नाही पडणार, असे छातीठोक सांगणाऱ्यापेक्षा थोडे पडेल म्हणणारा मला अधिक भरवशाचा वाटतो. बोलणी लग्नाआधीच करावीत. गुच्छ त्याच्याकडे जाईपर्यंत देठ पाण्यात, सावलीत असावेत.

माझे मत विचाराल तर, चार फुले कारागिराला द्यावीत आणि बाकीची आजीच्या म्हणण्याप्रमाणे झाडाच्या बुंध्याशी घालावीत. आणि गुच्छात माहेरच्या मोगऱ्याची एक ताजी डहाळी आधीच बांधून घ्यावी. पावसाळ्याच्या तोंडाशी लग्न असेल, तर ती सासरच्या अंगणात रुजण्याची आशा असते.