वराहमिहिराचा कलप

केसांस कलप लावणे हे विलायती थेर, असे मानणाऱ्यांस आम्ही उज्जयिनीची आठवण देतो. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांस ती नगरी जवळचीच. सहाव्या शतकात अवंतीत होऊन गेलेल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’तील गंधयुक्तीच्या अध्यायाचा आरंभ अत्तरांनी नव्हे, कलपाने केला आहे, पिकल्या डोक्यावर माळा-गंध शोभत नाहीत, हे त्याचे कारण. ग्रहगती मोजणाऱ्या पंडिताने याकडेही लक्ष पुरवावे, याचे आम्हांस कौतुक वाटते.

कृती अशी: कोद्र्याचे (कोकणातला हरीक तो हाच) तांदूळ लोखंडाच्या भांड्यात आंबलेल्या शुक्तात शिजवावयाचे, लोहचूर्णासह बारीक वाटून केसांवर थापावयाचे, वर ओली पाने बांधावयाची. दोन प्रहरांनी आवळ्याचा लेप. पुन्हा पाने, पुन्हा दोन प्रहर. म्हणजे अवघा दिवस डोके बांधून बसणे आले! आंबटात लोखंड विरघळते आणि आवळ्यातील तुरट द्रव्याशी मिळून काळे होते, हे यातले मर्म. आमच्या घरांतून मेंदी अजूनही लोखंडी कढईत भिजते, ती याचसाठी.

१९०७ साली पॅरिसमध्ये यूजीन श्युलर याने कृत्रिम रंग सिद्ध केला. आता ते काम अर्ध्या तासाचे झाले आहे. परंतु ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुडीत काळेपणा पुष्कळदा मेंदीचा नसून पॅराफेनिलीनडायअमीनचा असतो. त्याने काहींची टाळू खाजते, चेहरा सुजतो. म्हणून आधी कानामागे थेंबभर लावून दोन दिवस थांबावे, अशी सूचना वेष्टनावर असते. ती पाळणारे आम्ही फार थोडे पाहिले.