तीन मिनिटे चाळीस सेकंद

श्रावणातल्या एका रविवारी रात्री ८ वाजून ५२ मिनिटांनी पुण्यात, आमच्या घरात, एक हार्ड डिस्क जळाली. तिच्यात आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आप्पांनी १९८६ साली सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी जात्याशेजारी टेपरेकॉर्डर ठेवून त्या ३८ कॅसेटांत भरून घेतल्या होत्या. कॅसेटांना बुरशी धरली, म्हणून त्या हार्ड डिस्कवर उतरवल्या आणि २०१९ मध्ये भंगारात दिल्या. दुसरी प्रत नव्हती.

त्या दिवशीच्या वेळा माझ्या लेकीच्या वहीत आहेत. मी बटण दाबायचो, ती मोबाइलवर मोजायची आणि लिहायची. त्या वेळा इथे क्रमाने मांडतो. नवा कॉम्प्युटर जोडायला बसलेल्या कुणाचा तरी हात यातल्या एखाद्या वेळेला थांबावा, एवढ्यासाठी.

सकाळी ९.४० – उरले ११ तास १२ मिनिटे

जुना कॉम्प्युटर शेवटचा सुरू केला. ‘आजी’ नावाचे फोल्डर उघडून पाहिले. २४ जीबी. टेबलाच्या खणात ३२ जीबीचा पेनड्राइव्ह पाकिटातच पडून होता. त्या जुन्या यंत्रावर प्रत काढायला साधारण ४० मिनिटे लागली असती. नव्यावर लवकर होईल, असे म्हणून खण बंद केला.

सकाळी ११.१५ – उरले ९ तास ३७ मिनिटे

मदरबोर्ड खोक्यातून काढला. एएम५ सॉकेट, त्यात १,७१८ बारीक पिना. कोपऱ्यावरचा त्रिकोण जुळवून प्रोसेसर अलगद ठेवला. डीडीआर५ रॅमच्या ३२ जीबीच्या दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या. सगळे बरोबर बसले होते.

खोक्यात एक छोटा छापील कागद होता. पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटे काळी राहील, तेवढ्यात वीज बंद करू नये, असे त्यावर होते. तो थर्माकोलबरोबर खोक्यात परत गेला. त्यावर काय लिहिले आहे, हे मी दुसऱ्या दिवशी वाचले.

दुपारी १.३० – उरले ७ तास २२ मिनिटे

सगळे कॅबिनेटमध्ये चढवले. ज्या दुकानातून सामान आणले, तिथल्या माणसाने सांगितले होते, “आधी टेबलावर डिस्प्ले आणा. कॅबिनेट नंतर, डिस्क सगळ्यात शेवटी.” पहिल्या चाचणीला कॅबिनेट किंवा डिस्क लागत नाही.

पण एकदाच काय ते नीट बांधू, असा विचार केला. जुन्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क काढून नव्या कॅबिनेटमध्ये बसवली. तिची वीजकेबल मदरबोर्डमागून फिरवून ९ केबल टायनी आवळली. दोन तास गेले. काम देखणे झाले होते.

दुपारी ४.०५ – उरले ४ तास ४७ मिनिटे

पहिल्यांदा बटण दाबले. पंखे फिरले. डिस्प्ले नाही. मदरबोर्डवर रॅमच्या नावाचा पिवळा दिवा लागून राहिला. ४० सेकंद. बटण दाबून धरून यंत्र बंद केले.

तो दिवा बिघाडाचा नव्हता. डीडीआर५ रॅमचा वेग एवढा असतो, की प्रोसेसर आणि रॅममधल्या प्रत्येक तारेवरच्या संकेताची वेळ मदरबोर्डला आधी तपासून जुळवून घ्यावी लागते. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. नव्या यंत्रात ते पहिल्याच वेळी होते आणि रॅम जितकी जास्त, तितका वेळ जास्त. जुळलेले आकडे मदरबोर्ड साठवून ठेवतो, म्हणून पुढच्या वेळी एवढा वेळ लागत नाही. मध्येच वीज तोडली, तर पुन्हा पहिल्यापासून.

दुपारी ४.२० – उरले ४ तास ३२ मिनिटे

मॉनिटरची केबल काढून पुन्हा लावली. प्रोसेसरची आठ पिनांची वीजकेबल तपासली. दुसरा प्रयत्न ३५ सेकंद, तिसरा ३० सेकंद. पिवळा दिवा तसाच.

संध्याकाळी ५.१० – उरले ३ तास ४२ मिनिटे

रॅमचा दिवा, म्हणजे रॅमचा दोष, असे धरून चाललो. पट्ट्या काढल्या, अदलाबदल केली, मग एकेकच लावून पाहिली. चौथ्यापासून सातव्यापर्यंतचे चार प्रयत्न मिळून २ मिनिटे ५५ सेकंद. पट्टी हलवली की ट्रेनिंग नव्याने सुरू होते.

संध्याकाळी ६.३० – उरले २ तास २२ मिनिटे

मदरबोर्डवरचा गोल सेल दहा मिनिटे काढून ठेवला. एरवी हा उपाय चांगला आहे. यात बायॉसच्या, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ प्रोग्रॅमच्या, सगळ्या नोंदी पुसल्या जातात, ट्रेनिंगच्याही. आठवा प्रयत्न ४५ सेकंद.

नवव्या वेळी लेक म्हणाली, “बाबा, थोडा वेळ तसाच राहू दे ना.”

मी म्हणालो, “शॉर्ट असेल तर काहीतरी जळेल.”

१ मिनिट १० सेकंदांनी बंद केला. दिवसभरातला हा सगळ्यात लांब प्रयत्न.

संध्याकाळी ७.४० – उरला १ तास १२ मिनिटे

दहावा प्रयत्न, ४० सेकंद. आता संशय एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर गेला. जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस चालू स्थितीत होता. तो काढला. मदरबोर्ड आणि प्रोसेसरच्या केबली त्याला कायमच्या जोडलेल्या होत्या. डिस्कच्या केबली मात्र काढता-घालता येणाऱ्या.

रात्री ८.२५ – उरली २७ मिनिटे

जुना एसएमपीएस नव्या कॅबिनेटला जोडला. डिस्कची केबल राहिली. ती काढायची तर ९ टाय कापावे लागणार होते. जुन्या एसएमपीएसची स्वतःची केबल समोर टेबलावर होती.

टाय कापले नाहीत. नव्या एसएमपीएसची केबल तशीच ठेवून तिचे दुसरे टोक जुन्या एसएमपीएसमध्ये घातले. सहा पिनांचा प्लग, सहा पिनांची जागा. जोर लावावा लागला नाही. टक् असा आवाज झाला.

या केबलीचे डिस्ककडचे टोक सगळीकडे सारखे असते: १५ पट्ट्या, त्यांवर ३.३, ५ आणि १२ व्होल्टच्या जागा ठरलेल्या. एसएमपीएसकडच्या टोकाला असे कोणतेही प्रमाण नाही. कुठल्या पिनेवर किती व्होल्ट, हे ज्याचे तो ठरवतो. प्लग बसला म्हणजे तारा जुळल्या असे होत नाही.

मल्टिमीटर खणात होता, पेनड्राइव्हच्या शेजारी. डिस्क सोडवून मोजायला दोन मिनिटे पुरली असती.

रात्री ८.४५ – उरली ७ मिनिटे

आईने हाक मारली, “पानं वाढलीत रे.”

“पाच मिनिटांत आलो.”

रात्री ८.५२

अकरावा प्रयत्न. कॅबिनेटच्या मागून चट् असा आवाज आला. पंखे अर्धा फेरा फिरून थांबले. जळका वास आला. लेकीच्या वहीत या ओळीपुढे सेकंद लिहिलेले नाहीत. एक सेकंदही झाला नव्हता.

रात्री ९.२०

डिस्क सोडवली आणि केबलीच्या टोकाशी मल्टिमीटर लावला. ५ व्होल्टच्या जागी १२.१ व्होल्ट.

पुढे डिस्क दुरुस्तीवाल्याकडे १७ दिवस होती. जादा व्होल्टेज अडवणारा डायोड जळाला होता, शेजारची चिपही. त्याने तशीच दुसरी सर्किट प्लेट आणली आणि या डिस्कच्या खास नोंदी ठेवणारी छोटी चिप तिच्यावर चढवली. पण डिस्कच्या आत, हेडपाशी असलेला अँप्लिफायरही गेला होता. त्यापुढचे प्रयत्नही फसले. ओव्या मिळाल्या नाहीत.

सोमवार, सकाळी ६.४०

नवा एसएमपीएस परत जोडला. डिस्क नव्हतीच. यंत्र परत करण्याआधी एकदा बघावे, म्हणून बटण दाबले आणि दूध वर आले म्हणून स्वयंपाकघरात गेलो. लेक मोजत बसली होती.

३ मिनिटे ४० सेकंदांनी बायॉसची स्क्रीन आली. रॅम ६४ जीबी. दोष कुठलाच नव्हता. आदल्या दिवशीच्या पहिल्या दहा प्रयत्नांची बेरीज तिने वहीत केली आहे: ७ मिनिटे १५ सेकंद. त्याच्या जवळपास अर्ध्या वेळात काम झाले असते, सलग दिला असता तर.

पंख्याचा आवाज ऐकून आई दारात आली. रात्री तिला काही सांगितले नव्हते.

“झाला का सुरू?”

“झाला.”

“मग लाव की आत्याबाईंच्या ओव्या,” ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.