रमाबाई : नाव एक, आयुष्ये चार

रमाबाई म्हटले की आपल्याला माता रमाई आठवतात. महाराष्ट्राच्या इतिहासात याच नावाच्या आणखी तीन स्त्रिया ठळकपणे भेटतात. जयंतीच्या भाषणात किंवा स्पर्धा परीक्षेत त्यांची गल्लत होऊ नये, म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

या चौघींना जोडणारा धागा बाबासाहेबांच्या लेखनात सापडतो. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'भारतातील जाती' या निबंधात त्यांनी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी जातीअंतर्गत विवाह टिकवण्याची साधने आहेत, असे दाखवून दिले. या चार आयुष्यांत त्या तिन्ही रूढी दिसतात.

रमाबाई पेशवे : थोरल्या माधवराव पेशव्यांच्या पत्नी. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवरावांचे थेऊर येथे क्षयाने निधन झाले आणि रमाबाई सती गेल्या. या मरणाचा गौरव खूप झाला. रूढीने घेतलेला बळी म्हणूनही ते वाचले पाहिजे.

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) : संस्कृतच्या विदुषी. 'पंडिता' ही पदवी त्यांना १८७८ मध्ये कलकत्त्यात मिळाली. १८८० मध्ये त्यांनी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. दोनच वर्षांत वैधव्य आले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून टीकेची झोड उठली, तेव्हा महात्मा फुल्यांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारले.

रमाबाई रानडे (मृत्यू १९२४) : १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास, न्या. महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह. लिहायला-वाचायला त्या लग्नानंतर, घरातल्या बायकांचा विरोध सोसून शिकल्या. पुण्याच्या सेवासदनाच्या त्या आधारस्तंभ. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे त्यांचे आत्मकथन १९१० मध्ये प्रसिद्ध झाले.

माता रमाई आंबेडकर (१८९८-१९३५) : जन्म दापोलीजवळच्या वणंद गावचा. १९०६ मध्ये भायखळ्याच्या बाजारात, लहान वयातच भीमरावांशी लग्न झाले. बाबासाहेब परदेशी शिकत असताना त्यांनी गरिबीत संसार ओढला. पाच अपत्यांपैकी फक्त यशवंत जगले. २७ मे १९३५ रोजी राजगृहात त्यांचे निधन झाले. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ बाबासाहेबांनी रमाईंना अर्पण केला आहे.

पहिल्या तिघी ब्राह्मण घरात जन्मल्या. रमाईंच्या वाट्याला बालविवाहासोबत अस्पृश्यता आणि दारिद्र्यही आले. सतीचा गौरव नाकारणाऱ्या आपण रमाईंना 'त्यागमूर्ती' म्हणून थांबू नये. लेकरे दगावावीत इतकी गरिबी त्यांच्यावर कोणत्या व्यवस्थेने लादली, हा प्रश्न ७ फेब्रुवारीच्या प्रत्येक व्यासपीठावरून विचारला गेला पाहिजे.

जयभीम!